दुसऱ्याच्या दोऱ्या

गळाला मासा लागला की दोरीला जीव येतो. आधी एक-दोन हलके झटके, मग ओढ, मग दिशा बदलून पुन्हा ओढ. तेवढ्यावरून खाली काय आहे, किती मोठे आहे आणि ते कुठे निघाले आहे, याचा अंदाज सरावलेल्या हाताला येतो. जेलीफिश अडकली की यातले काहीच घडत नाही. दोरी नुसती जड होते. खडकात अडकल्यासारखी ती हटून बसत नाही, कारण रीळ फिरवले की येते. आणि मासा असल्यासारखी ती झगडतही नाही. पाण्यातून पाणीच ओढून काढतो आहोत असे वाटत राहते, आणि ते फारसे चुकीचेही नसते, कारण जेलीफिशच्या अंगात 95 टक्क्यांच्या आसपास पाणीच असते.

मग दोरीचे टोक वर येते आणि त्यावर काहीतरी चकाकते. नायलॉनवर एक बुळबुळीत, पारदर्शक थर चढलेला असतो. नीट पाहिले तर त्या थरात केसाएवढे बारीक धागे दिसतात. काही रंगहीन, काही फिकट जांभळे, काही गर्द निळे, आणि निळ्या धाग्यावर मणी ओवावेत तशा एकापुढे एक बारीक गाठी. जेलीफिशची छत्री बहुधा वर येतच नाही, ती वाटेतच फाटून गळून पडते. हाती लागतात त्या तिच्या दोऱ्या. उन्हात त्या सुंदर दिसतात यात शंका नाही, पण ते सौंदर्य हातभर अंतरावरूनच पाहावे. तळहाताची कातडी राठ असते, त्यामुळे तिथे पुष्कळदा काहीच जाणवत नाही. जाणवते ते मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ आहे. सर्वांत वाईट म्हणजे डोळ्यांत. घामाने डोळे चुरचुरले की हात आपोआप तिकडे जातो, आणि तळहाताला जे लागले नव्हते ते सारे तिथे लागते.

किनाऱ्यालगतच्या पाण्यात मी बरीच वर्षे गळ टाकतो आहे आणि जेलीफिशविषयीची माझी चीड अजून पुरती गेलेली नाही. मात्र एका साध्या विचाराने तिचे स्वरूप बदलले. आपण जेलीफिशला आपल्या मासेमारीत आलेला अडथळा समजतो. प्रत्यक्षात त्या पाण्यात तीही मासेमारीच करत असते. पाण्यात लांब दोऱ्या सोडायच्या, त्यांवर काटे ठेवायचे आणि प्रवाहाबरोबर वाहत वाट पाहायची, ही तिचीही रीत. 50 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जेलीफिशचे ठसे सापडले आहेत, म्हणजे या पाण्यावर वहिवाटीचा हक्क सांगायचाच झाला तर तो कोणाचा, हे वेगळे सांगायला नको. आपल्याला होणारा दंश हा तिने आपल्यावर केलेला हल्ला नसतो. माशांसाठी टाकलेल्या दुसऱ्याच्या दोऱ्यांत आपण शिरलेलो असतो, एवढेच.

तिच्या दोरीवरचा काटा मात्र आपल्या गळापेक्षा कितीतरी पुढचा आहे. दोरीवर हजारोंनी दंशपेशी असतात, आणि प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी. त्या कुपीत एक पोकळ, काटेरी नळी वेटोळे घालून बसलेली असते आणि आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 150 पट असतो. स्पर्श झाला की झाकण उघडते आणि नळी उलटी होत बाहेर फेकली जाते. हा प्रकार किती वेगाने घडतो, हे बरीच वर्षे कोणाला मोजता आले नव्हते, कारण तेवढा वेगवान कॅमेराच नव्हता. जर्मन संशोधकांनी 2006 साली जेलीफिशचाच गोड्या पाण्यातला नातलग असलेल्या हायड्रावर सेकंदाला 14 लाखांहून अधिक चित्रे टिपणारा कॅमेरा रोखला, तेव्हा कळले की फेकीचा पहिला आणि निर्णायक टप्पा 700 नॅनोसेकंदांत उरकतो आणि त्यात गाठलेले त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या 50 लाख पटींहून अधिक असते. एक नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा अब्जावा भाग. सजीवांच्या हालचालींत याहून वेगवान असे फार थोडेच सापडेल, आणि ते घडते ज्याला मेंदू नाही, हाडे नाहीत, रक्त नाही अशा प्राण्याच्या अंगावर.

या पेशींची आणखी एक गोष्ट मासेमारी करणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. बऱ्याच पेशी नुसत्या स्पर्शाने सुटत नाहीत. स्पर्शाबरोबर भक्ष्याच्या अंगावरच्या रसायनांची चाहूल लागली तर त्या अधिक तत्परतेने सुटतात. नायलॉनच्या दोरीला माशाची चव नसते. म्हणून तुटलेले धागे दोरीला वेढे घालून वर येतात तेव्हा त्यांच्यावरच्या पुष्कळशा कुप्या अजून भरलेल्याच असतात, आणि त्यांना पहिली जिवंत कातडी भेटते ती दोरी ओढणाऱ्याची.

इतके जहाल विष कशासाठी, हा प्रश्न मला पूर्वी पडत असे. उत्तर गळ टाकणाऱ्याला सहज कळावे असे आहे. बारीक दोरीवर मोठा मासा लागला तर आपण काय करतो? रिळाचा ब्रेक सैल ठेवतो, माशाला दोरी घेऊ देतो, दमवतो, जवळ आणतो, पुन्हा पळू देतो. दोरी तुटू नये म्हणून ही सारी कसरत. जेलीफिशला ही सोय नाही. तिचे अंग इतके नाजूक की धडपडणारा मासा तिला क्षणात फाडून निघून जाईल. म्हणून तिला माशाला दमवत बसणे परवडत नाही, त्याला तत्काळ लुळे करावे लागते. विषाचा जहालपणा हा तिच्या दुबळेपणाचा हिशेब आहे. कायरोनेक्स फ्लेकेरी ही ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरची पेटीच्या आकाराची जेलीफिश माणसाला काही मिनिटांत मारू शकते, पण तिचा रोख माणसावर नाही. तिला हवे असतात किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातले छोटे मासे आणि कोळंबी. माणसाएवढ्या देहाचा त्या हिशेबात विचारच झालेला नाही.

आपल्या साधनांहून तिची साधने आणखी एका बाबतीत वेगळी आहेत, आणि खरा धोका तिथे आहे. मी गळ पाण्यातून काढून पेटीत ठेवला की माझी मासेमारी थांबते. जेलीफिश मेली तरी तिची मासेमारी थांबत नाही, कारण दंशपेशीला सुटण्यासाठी मालकाच्या हुकमाची गरज नसते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात 2010 सालच्या जुलैमध्ये सिंहाच्या आयाळीसारखे धागे असलेली एक मोठी जेलीफिश पोहणाऱ्यांच्या गर्दीत मेलेल्या अवस्थेत आली. तिला बाहेर काढताना तिचे तुकडे झाले, धागे पाण्यात पसरले, आणि शंभराहून अधिक लोकांना दंश झाले. एकाही दंशाच्या वेळी ती जिवंत नव्हती. हरवलेली, तुटून वाहत गेलेली जाळी समुद्रात कोणाच्याही उपयोगाविना मासे मारत राहतात हे आपल्याला माहीत आहे. तुटलेल्या धाग्यांचे तसेच आहे, फक्त ते दिसत नाहीत.

वाळलेल्या धाग्यांचेही काही वेगळे नाही. जाळे साफ करताना आदल्या दिवसाची वाळकी पापुद्री झटकली की तिची धूळ नाकाडोळ्यांत जाते, शिंका येतात, डोळ्यांतून पाणी वाहते आणि घसा खवखवतो. एका वयस्क मासेमाराला जाळे झटकायला मी मदत करू लागलो, तेव्हा त्यांनी आधी मला खांद्याला धरून दुसऱ्या बाजूला उभे केले. "वारा पाठीवर घे," ते म्हणाले. मी म्हटले, "काका, हे तर कालचंच वाळलेलं आहे." त्यावर त्यांचे उत्तर होते, "वाळलंय म्हणजे मेलंय असं नाही बाबा. थेंबभर पाणी मिळू दे, मग बघ." त्यांनी दंशपेशीचे चित्र कधी पाहिले असेल असे मला वाटत नाही. पण भिजल्यावर वाळका धागा पुन्हा चावतो, हे प्रयोगशाळेतले सत्य त्यांच्या बाह्यांच्या लांबीत आणि उभे राहण्याच्या जागेत उतरलेले होते.

प्रत्यक्ष दंश कसा असतो, हे सांगणे त्या मानाने सोपे आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गळ फेकत असताना मला मांडीच्या मागच्या बाजूला आधी एक गार, हलका स्पर्श झाला. शेवाळ असावे असा. क्षणभराने तिथे निखारा टेकवावा तशी आग उठली आणि ती एका जागी न राहता रेषेने पसरत गेली, कारण धागा पायाभोवती ओढला जात होता. बाहेर येऊन पाहिले तेव्हा लाल, फुगीर वळ उठला होता, आणि तो सलग नव्हता. तुटक टिंबांची ओळ होती, धाग्यावरच्या गाठींच्या अंतराने. दंश वाचता येतो, हे मला तेव्हा कळले. टिंबांची एकच लांब ओळ असली तर ती बहुधा पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉरची, म्हणजे फुग्याच्या आधाराने पाण्यावर तरंगणाऱ्या, जेलीफिशच्या निळ्या नातलगाची, आडव्या शिडीसारखे एकमेकांना छेदणारे रुंद वळ असले तर पेटीच्या आकाराच्या जेलीफिशची, आणि नुसते पसरट, खाजरे चट्टे असले तर एखाद्या मवाळ जातीची. ही ओळख डॉक्टरलाही उपयोगी पडते, म्हणून वळाचे छायाचित्र काढून ठेवावे. तेव्हा मात्र पहिली इच्छा होते ती चोळण्याची, आणि नेमके तेच करायचे नसते.

उपचारांबाबत जितके गैरसमज ऐकायला मिळतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशाबाबत मिळत असतील. माझ्या मते या घोळाचे मूळ एकच आहे: दोन वेगळ्या प्रश्नांची आपण सरमिसळ करतो. जे विष अंगात गेले आहे त्याचे काय करायचे, हा एक प्रश्न. कातडीवर चिकटलेल्या धाग्यांतल्या न सुटलेल्या कुप्यांचे काय करायचे, हा दुसरा. दंशाच्या क्षणी बऱ्याचदा बहुसंख्य कुप्या भरलेल्याच असतात. म्हणून वाळू चोळणे, टॉवेलने पुसणे, गोड्या पाण्याने धुणे, मद्य ओतणे हे सारे उपाय दुखणे कमी करण्याऐवजी उरलेल्या कुप्या फोडण्याचे काम करतात. लघवीचा उपाय तर जगभर प्रसिद्ध आहे आणि त्याला आधार काहीच नाही. त्याची टिकून राहण्याची शक्ती पाहता, दंश झालेल्याला मदत करण्यापेक्षा गंमत पाहण्याचीच लोकांना अधिक हौस असावी असे वाटते.

व्हिनेगर हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, पहिल्याचे नव्हे. पेटीच्या आकाराच्या जेलीफिशच्या न सुटलेल्या कुप्या व्हिनेगरने निकामी होतात, हे ऑस्ट्रेलियात 1980 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पुढे आले, आणि तिथल्या उष्ण किनाऱ्यांवर आजही निदान 30 सेकंद व्हिनेगर ओतावे अशी सूचना असते. त्याने गेलेले विष परत येत नाही की आग थांबत नाही. पुढचे विष जाणे थांबते. पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉरच्या दंशावर ते वापरावे की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि देशोदेशीच्या सूचना वेगवेगळ्या आहेत. तिच्या बाबतीत धागे चिमट्याने किंवा हातमोजा घालून अलगद उचलावेत, समुद्राच्याच पाण्याने जागा धुवावी आणि मग गरम पाण्याचा उपाय करावा, ही ऑस्ट्रेलियातली रीत. गरम पाणी म्हणजे 45 अंश सेल्सियसच्या आसपासचे, सोसवेल इतके, आणि त्यात दुखरा भाग सुमारे 20 मिनिटे बुडवायचा. दंश न झालेल्या हाताने ते आधी तपासून घ्यावे, कारण दंश झालेल्या कातडीला भाजल्याचे कळत नाही. होडीत चहासाठी थर्मास असतोच. तो संपवायची घाई करू नये, एवढे मी शिकलो आहे.

श्वास लागणे, छातीत दुखणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, उलट्या, भोवळ, पाठीत आणि पोटात पिळवटून येणाऱ्या कळा, यातले काहीही दिसले, किंवा दंश डोळ्याला झाला असला, अंगाचा मोठा भाग व्यापणारा असला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. आणि होडीत असताना दंश झाला तर त्या माणसाला आधी काठापासून दूर, तळाशी बसवावे. दंशाने मरणाऱ्यांपेक्षा दंशाच्या वेदनेत तोल जाऊन किंवा हातपाय गळून बुडण्याची भीती मला अधिक वाटते.

सगळ्या दंशांचे दुखणे लगेच सुरू होते असेही नाही, आणि हे समजायला एका माणसाला स्वतःच्या देहावर प्रयोग करावा लागला. ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांना एक विचित्र आजार होत असे. दंश किरकोळ वाटे, आणि अर्ध्या तासाच्या आसपास पाठीत भयंकर कळा, उलट्या, घाम, वाढलेला रक्तदाब आणि आता आपले काही खरे नाही अशी दाट भीती. ह्यूगो फ्लेकर या डॉक्टरांनी 1952 साली त्या भागातल्या आदिवासी समूहावरून त्याला इरुकांजी असे नाव दिले. आजाराला नाव मिळाले, पण आजार देणारा प्राणी कोणाला सापडत नव्हता. जॅक बार्न्स या डॉक्टरांनी 1961 साली पाण्यात जेमतेम एक सेंटिमीटरची पारदर्शक जेलीफिश पकडली, आणि हीच ती का हे ठरवण्यासाठी तिचा दंश स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला करून घेतला. तिघांनाही रुग्णालयात न्यावे लागले, तिघेही बरे झाले. त्या जातीला पुढे बार्न्स यांचेच नाव मिळाले. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करावे, पण मुलाला त्यात ओढल्याचे मला आजही पटत नाही. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने या कथेतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो एक सेंटिमीटर: जे दोरीवर दिसत नाही, ते दोरीवर नाही असे मानता येत नाही.

एकदा दंश सोसला की पुढच्या वेळी अंग तयार झालेले असते, असेही पुष्कळांना वाटते. याच्या उलट घडू शकते, हे ज्या शोधातून कळले त्याची सुरुवात समुद्रावरच झाली. मोनॅकोचे राजे पहिले अल्बर्ट यांच्या संशोधन-नौकेवर 1901 साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोघे पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉरच्या विषाचा अभ्यास करत होते. फ्रान्सला परतल्यावर ती मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफूल या जेलीफिशच्याच नात्यातल्या प्राण्याचे विष वापरून कुत्र्यांवर प्रयोग पुढे चालवले. विषाची सवय झाली की प्राणी अधिक सहन करील, अशी अपेक्षा होती. झाले असे की पहिली मात्रा पचवलेले कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी थोड्या मात्रेने काही मिनिटांत मेले. तीव्र ॲलर्जीच्या या झटक्याचे वर्णन त्यांनी 1902 साली केले आणि रिशे यांना 1913 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून "मला तर कितीदा लागलंय, काही होत नाही" असे कोणी म्हणाला की मी वाद घालत नाही, पण त्याला दोरी हातमोज्याशिवाय धरू देत नाही.

जेलीफिश कधी येणार हे सांगता येते का? थोडेफार. तिला प्रवाहाविरुद्ध जाण्याची ताकद नसते, म्हणून वारा आणि पाणी पाहावे. समुद्राकडून किनाऱ्याकडे सलग काही दिवस वारा वाहिला की पृष्ठभागावर तरंगणाऱ्या जाती काठाला लागतात. मॅन-ऑफ-वॉरच्या फुग्यावर तर चक्क शीड असते, आणि काहींचे शीड डावीकडे तर काहींचे उजवीकडे तिरके. त्यामुळे एकाच वाऱ्यात ती दोन दिशांना पांगतात आणि सगळी एकाच किनाऱ्यावर फेकली जात नाहीत. दोन प्रवाह जिथे मिळतात तिथे फेसाची, काडीकचऱ्याची लांब रेघ दिसते. मासेही तिथेच असतात, आणि जेलीफिशही. तिथीवर चालणाऱ्या जातीही आहेत: हवाईमधल्या वायकीकीच्या किनाऱ्यावर पेटीच्या आकाराची एक जात पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी, म्हणजे वद्य अष्टमी ते दशमीच्या सुमारास, दर महिन्याला हजेरी लावते. भरतीओहोटीचा हिशेब ठेवणाऱ्यांना या नियमितपणाचे नवल वाटू नये. अर्थात वाऱ्याचा आणि तिथीचा अंदाज दोन्ही चुकू शकतात, आणि पाणी स्वच्छ आहे म्हणून धागे नाहीत असे समजणे तर मुळीच बरोबर नाही.

एकटदुकट जेलीफिश ही गळवाल्याची कटकट; तिचे थवे ही जाळेवाल्याची आपत्ती. नोमुरा नावाची जेलीफिश 2 मीटर रुंदीपर्यंत वाढते आणि तिचे वजन 200 किलोपर्यंत जाते. जपानजवळच्या समुद्रात 2009 सालच्या नोव्हेंबरमध्ये अशा जेलीफिशनी भरलेले जाळे ओढताना 10 टनांची नौका उलटली. तिच्यावरचे तिघे पाण्यात पडले आणि दुसऱ्या नौकेने त्यांना वाचवले. जाळे फाटते, त्यात सापडलेले मासे चिरडतात, विषाने त्यांचा रंग जातो, आणि थवा जाईपर्यंत पुन्हा जाळे टाकणेही शहाणपणाचे नसते. त्याच्या दोन वर्षे आधी, 2007 सालच्या नोव्हेंबरात, उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जांभळ्या जेलीफिशच्या थव्याने पिंजऱ्यातले 1 लाखाहून अधिक सामन मासे मारले. पळायला जागा नसलेला मासा आणि वळायची ताकद नसलेली जेलीफिश, अशी ती गाठ होती.

थवे वाढत चालले आहेत का, या प्रश्नाचे घाईने "हो" असे उत्तर दिले जाते. जेलीफिशशी अन्नासाठी स्पर्धा करणारे मासे आपण बेसुमार पकडले, पाण्यात खतांचा निचरा सोडला, धक्के आणि खांब बांधून तिच्या बाल्यावस्थेला चिकटायला टणक जागा दिल्या, ही कारणे काही ठिकाणी निश्चितच लागू पडतात. बहुतेक जाती आयुष्याचा एक भाग तळाच्या खडकाला चिकटून काढतात आणि अनुकूल काळ आला की एकेका रोपट्यातून चकत्या सुटाव्यात तशी पिले सोडतात, त्यामुळे थवा एकाएकी उगवल्यासारखा वाटतो. परंतु जगभरच्या जुन्या नोंदी एकत्र करून 2013 साली जो अभ्यास झाला, त्यात सुमारे 20 वर्षांच्या चढउताराचे चक्र दिसले. माणसाची आठवण तेवढी लांब नसते. तरुणपणी जेलीफिश कमी होत्या असे सांगणारा माणूस कदाचित चक्राच्या उतरत्या बाजूला तरुण होता.

थव्यात होडी सापडली की मी इंजीन बंद करून काही वेळ नुसता खाली पाहत बसतो, कारण गळ टाकण्यात अर्थ नसतो. छत्र्यांखाली बोटाएवढे मासे दिसतात. धाग्यांच्या मधून ते ये-जा करतात, एखादा मोठा मासा जवळ आला की अधिक आत सरकतात. मॅन-ऑफ-वॉरच्या धाग्यांत राहणारा एक लहान मासा आहे. त्याला विष इतर माशांपेक्षा अधिक सोसते, पण पूर्णपणे नाही, त्यामुळे त्याला मुख्यतः चपळाईवर भिस्त ठेवावी लागते. निळा, नखाएवढा एक समुद्री गोगलगाईचा प्रकार तर तिचे धागे खातो आणि न सुटलेल्या कुप्या पचवण्याऐवजी स्वतःच्या अंगावर साठवून आपल्या रक्षणाला वापरतो. त्याला हात लावला तर दंश जेलीफिशचा होतो आणि तोही अधिक दाट. चामड्याच्या पाठीचे मोठे कासव जेलीफिशवरच जगते. ज्या पाण्याला मी "आज वाया गेलेले" म्हणतो त्यात इतक्या जणांची जेवणे, आसरे आणि चोऱ्या चाललेल्या असतात.

असे पाणी लागले की जागा मी बदलतो, तिला बदलायला सांगता येत नाही. वरच्या थरात धागे असतील तर गळ तळाशी सोडून पाहतो, पण वर ओढताना तो त्याच थरातून येणार असतो, म्हणून हा उपाय अर्धामुर्धाच. पातळ दोरी जाड दोरीपेक्षा कमी धागे गोळा करते असा माझा अनुभव आहे. गळाशी अडकलेली जेलीफिश सोडवण्याचा खटाटोप मी करत नाही. टोकाची वीतभर दोरी कापून टाकावीशी वाटते, पण कापलेली दोरी पाण्यात सोडणे म्हणजे आणखी एक बेवारस काटा सोडणे, म्हणून ती चिमट्याने डब्यात जाते. लांब बाह्या, पायघोळ विजार, हातमोजे आणि चष्मा. उकाड्यात यातले काहीही सुखाचे नसते.

परतल्यावर साधने धुताना मात्र सारे नियम उलटे होतात. जे गोडे पाणी कातडीवर घालायचे नसते, तेच दोरीवर भरपूर घालायचे, कारण तिथे कुप्या फुटल्या तरी त्या हवेत फुटतात, कोणाच्या अंगात नाही. सगळ्याच फुटतील याची खात्री नसते, म्हणून हातमोजे तेव्हाही चढवलेलेच ठेवावे लागतात, आणि रिळावर गुंडाळलेल्या आतल्या वेढ्यांपर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून दोरी पूर्ण सोडून, ताणून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धुवावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि मासे मिळाले नसतील त्या संध्याकाळी तर फारच. शेवटी हातमोजे धुवायचे, ते उलटे करून नव्हे, आणि सर्वांत शेवटी हात.